वाचकांचे प्रश्न : पॉट्सव्हिल मरून्स आणि १९२५ चे विजेतेपद

मागील अंकात अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीग (आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, तर चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन फुटबॉल) किती जुनी आहे, या प्रश्नाला उत्तर देताना पॉट्सव्हिल मरून्स या संघाचा आणि त्याच्या हातून गेलेल्या १९२५ च्या विजेतेपदाचा उल्लेख एका वाक्यात केला होता. त्या एका वाक्यावर बेळगाव, निपाणी, खानापूर आणि संकेश्वर येथून इतकी पत्रे आली की, या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : कोल्हापूरच्या फुटबॉलमुळे पेठेचा किंवा तालमीचा संघ ही कल्पना आम्हा निपाणीकरांना परिचित आहे. परंतु वीस-बावीस हजार वस्तीच्या गावाने शिकागो आणि न्यूयॉर्क यांच्या पंक्तीला बसणारा व्यावसायिक संघ कसा उभा केला? — एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : आपण दिलेले तालमीचे उदाहरण अगदी समर्पक आहे, कारण पॉट्सव्हिलच्या संघाचा उगम गावातील अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांत आहे. आग विझवण्यासाठी एकत्र येणारी तरुण मंडळी फावल्या वेळात खेळू लागली, शेजारच्या गावांशी सामने ठरू लागले, सामन्यांवर पैजा लागू लागल्या आणि पैज जिंकायची तर बाहेरचा चांगला गडी पैसे देऊन आणला पाहिजे, हे ओघानेच आले. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचा जन्म बहुतांशी असाच झाला आहे. १८९२ साली पिट्सबर्ग परिसरातील एका क्लबने विल्यम हेफेलफिंगर या खेळाडूला एका सामन्यासाठी पाचशे डॉलर मोजले. पैसे घेऊन खेळल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा तोच मानला जातो.

पॉट्सव्हिल हे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पूर्व भागातील, फिलाडेल्फियापासून सुमारे दीडशे किलोमीटरवरचे गाव. या पट्ट्यात अँथ्रासाइट जातीचा कठीण कोळसा सापडतो. हा कोळसा धूर फारसा करत नाही, त्यामुळे त्या काळी पूर्व अमेरिकेतील शहरांत घरे उबदार ठेवण्यासाठी तोच वापरला जाई. कोलडेल, शेनांडोआ, गिलबर्टन अशा लहान लहान खाणगावांची एक अँथ्रासाइट लीग १९२४ मध्ये भरली आणि पॉट्सव्हिलने ती जिंकली. त्याच वर्षी गावातील शल्यविशारद डॉ. जॉन स्ट्रिगल यांनी संघ विकत घेतला होता. संघाचे नावही असेच सहज पडले. डॉक्टरांनी गावातील क्रीडासाहित्याच्या दुकानदाराकडे जर्सी मागवल्या, रंग कोणताही चालेल असे कळवले आणि आल्या त्या मरून रंगाच्या.

१९२५ मध्ये हा संघ नॅशनल फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. ही लीग १९२० मध्ये ओहायो राज्यातील कँटन येथे, एका मोटारगाड्यांच्या दुकानात झालेल्या बैठकीतून उभी राहिली होती. तिचे आजचे नाव १९२२ चे आहे. त्या वेळी लीगची पत इतकी बेताची होती की, दरवर्षी काही संघ येत आणि काही दिवाळे काढून जात. अशा लीगला पॉट्सव्हिल हवेसे वाटण्याचे एक अगदी व्यवहारी कारण होते. पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकापासून रविवारी खेळ-तमाशांना बंदी करणारा कायदा होता. फिलाडेल्फिया शहरात तो कसोशीने पाळला जाई, म्हणून तेथील फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स हा संघ आपले घरचे सामने शनिवारी खेळत असे. खाणगावात मात्र हा कायदा कोणी फारसा मनावर घेत नसे. खाणकामगाराला सुट्टी रविवारचीच, तेव्हा खेळ पाहायचा तोही रविवारीच. त्यामुळे दूरवरून आलेला पाहुणा संघ शनिवारी फ्रँकफर्डशी आणि रविवारी रेल्वेने येऊन पॉट्सव्हिलशी खेळू शकत होता. एका प्रवासखर्चात दोन सामन्यांची मिळकत होत असे. आदल्या दिवशी झुंजून दमलेला प्रतिस्पर्धी ताज्या दमाच्या पॉट्सव्हिलला आयता मिळत असे, हा फायदाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. फ्रँकफर्डच्या शेजाराने पॉट्सव्हिलचे भले केले ते असे. पुढे घात झाला तोही याच शेजारामुळे.

डॉ. स्ट्रिगल यांनी आणखी एक गोष्ट केली. त्या काळी बऱ्याच संघांचे खेळाडू आठवडाभर आपापल्या गावी नोकरी करत आणि सामन्यापुरते एकत्र येत. पॉट्सव्हिलच्या खेळाडूंनी मात्र हंगामभर गावातच राहावे आणि प्रशिक्षक डिक राऊश यांच्या हाताखाली नियमित सराव करावा, असा त्यांचा आग्रह होता. घरचे सामने जवळच्या मायनर्सव्हिल गावातील सुमारे पाच हजार प्रेक्षकांच्या मैदानावर होत. हे सर्व कोणत्या परिस्थितीत घडत होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. १ सप्टेंबर १९२५ रोजी अँथ्रासाइट खाणकामगारांनी संप पुकारला आणि तो पुढील फेब्रुवारीपर्यंत, साधारण साडेपाच महिने चालला. म्हणजे पॉट्सव्हिलचा तो गाजलेला हंगाम गावाचे मुख्य उत्पन्न बंद पडले असताना खेळला गेला. पदरी मजुरी नसलेल्या माणसांच्या गावात हा संघ तगला, याचे मला विजयांपेक्षाही अधिक नवल वाटते.

प्रश्न : त्या वेळचा खेळ आजच्यासारखाच होता का? गुण कसे मोजत? — एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : गुणांपुरते बोलायचे तर, होय. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचले की टचडाउनचे ६ गुण, त्यानंतरची जादा किक साधली की आणखी १, आणि मैदानातून किक मारून चेंडू खांबांच्या मधून पलीकडे धाडला की फील्ड गोलचे ३ गुण. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील उत्तरातील ९-७ हा आकडा समजेल. मुख्य फरक असा की, त्या वेळी अकरा खेळाडू चढाई आणि बचाव दोन्ही करत आणि सहसा पूर्ण सामना तेच खेळत. डोक्याला चामड्याची टोपी असे, तीही सक्तीची नव्हती.

प्रश्न : खाणीत काम करणारे खेळाडू संघात खरोखर होते की ती नुसती आख्यायिका आहे? — उद्यमबागेतील एक फाउंड्री कामगार, बेळगाव

उत्तर : होते, आणि त्यांतील एक तर संघाचा कणा होता. टोनी लाटोन हे वडिलांच्या मृत्यूनंतर वयाच्या अकराव्या वर्षी खाणीत कामाला लागले. कोळशाने भरलेल्या गाड्या चढावर ढकलत नेण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले, आणि त्यांच्या मांड्यांतील बळ त्या कामातून आले असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. चेंडू छातीशी धरून मधल्या फळीवर सरळ धडक मारणे हा त्यांचा खेळ. वर्तमानपत्रांनी त्यांना मानवी तोफ म्हटले होते. खेळाडूने चेंडू घेऊन धावत किती यार्ड अंतर कापले, याची अधिकृत नोंद त्या दशकात लीगने ठेवली नव्हती, पण नंतर सामन्यांच्या वृत्तान्तांवरून केलेल्या मोजणीत १९२० च्या दशकातील सर्वाधिक यार्ड लाटोन यांच्याच नावावर निघाले. कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या गौरवदालनात, मात्र त्यांना स्थान नाही.

सगळाच संघ खाणीतून आला होता, असे मात्र समजू नये. बरेच खेळाडू महाविद्यालयीन फुटबॉलमधून आणलेले होते. चार्ली बेरी हे बेसबॉलही व्यावसायिक पातळीवर खेळत, आणि १९२५ च्या हंगामात ७४ गुणांसह लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारे खेळाडू तेच ठरले. पुढे ते बेसबॉलचे नामांकित पंच झाले.

प्रश्न : पॉट्सव्हिलचे विजेतेपद नेमके कसे गेले? माझी मुलगी पेनसिल्व्हेनियात राहते. तिकडचे लोक ते चोरले गेले असे म्हणतात. — एक गृहिणी, शहापूर, बेळगाव

उत्तर : हा प्रकार समजण्यासाठी आधी हे ध्यानात घ्यावे की, त्या काळी लीगमध्ये अंतिम सामना नसे. तो १९३३ पासून सुरू झाला. १९२५ मध्ये बरोबरीचे सामने वगळून जिंकलेल्या आणि हरलेल्या सामन्यांचे प्रमाण काढत आणि ज्याचे प्रमाण अधिक तो विजेता. शिवाय वेळापत्रक आधीपासून पक्के ठरलेले नसे. संघमालक आपापसांत ठरवून सामने वाढवू शकत, आणि त्या वर्षी हंगामाची मुदत २० डिसेंबरपर्यंत होती.

नोव्हेंबरअखेर पॉट्सव्हिलने फ्रँकफर्डला ४९-० असे धुऊन काढले. त्याआधी त्याच हंगामात फ्रँकफर्डने त्यांना २०-० ने हरवले होते, म्हणजे उट्टे व्याजासकट निघाले. ६ डिसेंबर रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बर्फाळलेल्या मैदानात त्यांची गाठ शिकागो कार्डिनल्सशी पडली. आघाडीवरचे दोन संघ हेच होते. पॉट्सव्हिलने तो सामना २१-७ ने जिंकला. आता त्यांची नोंद १० विजय आणि २ पराभव अशी झाली, आणि कार्डिनल्सची ९ विजय, २ पराभव, १ बरोबरी. गावात सर्वांनी विजेतेपद मिळाले असेच धरले.

सहा दिवसांनी, १२ डिसेंबरला, पॉट्सव्हिलने फिलाडेल्फियातील शाइब पार्कवर नोट्रडेम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंशी एक प्रदर्शनी सामना खेळला. त्या संघात १९२४ चा हंगाम गाजवणारे चौघे होते, ज्यांना वृत्तपत्रांनी चार घोडेस्वार असे नाव दिले होते. त्या वेळी महाविद्यालयीन फुटबॉलची प्रतिष्ठा व्यावसायिक फुटबॉलपेक्षा कितीतरी मोठी होती. पैसे घेऊन खेळणारे लोक विद्यापीठाच्या तालेवार खेळाडूंपुढे टिकणार नाहीत, असाच सर्वसाधारण समज होता. नोट्रडेमने ७-० अशी आघाडी घेतली. लाटोन यांनी टचडाउन करून ६ गुण मिळवले, पण जादा किक हुकली आणि संघ एका गुणाने मागे राहिला. शेवटी चार्ली बेरी यांच्या पायातून फील्ड गोल निघाला आणि सामना ९-७ असा पॉट्सव्हिलने मारला. व्यावसायिक फुटबॉलची पत वाढवणाऱ्या सुरुवातीच्या विजयांत या सामन्याचे नाव घेतले जाते. मात्र प्रेक्षक अपेक्षेपेक्षा बरेच कमी आले.

ठेच लागली ती नेमकी येथे. फिलाडेल्फिया ही लीगच्या नियमानुसार फ्रँकफर्डची हद्द होती, आणि त्याच दिवशी त्याच शहरात फ्रँकफर्डचा स्वतःचा सामना होता. हद्दीचा वाद किती काळ धुमसू शकतो, हे आपल्या भागातील वाचकांना वेगळे सांगायला नको. फ्रँकफर्डने तक्रार केली. लीगचे अध्यक्ष जो कार यांनी सामना न खेळण्याची ताकीद पॉट्सव्हिलला दिली होती. तरीही तो खेळला गेला, तेव्हा कार यांनी संघाला दंड केला, निलंबित केले आणि त्याचे लीगमधील सदस्यत्वच काढून घेतले. प्रॉव्हिडन्स संघाशी ठरलेला पुढील सामना त्यामुळे होऊ शकला नाही.

इकडे कार्डिनल्सनी घाईघाईने आणखी दोन सामने ठरवून दोन्ही जिंकले. पहिला मिलवॉकीशी होता. हंगाम संपल्यामुळे मिलवॉकीचा संघ जवळजवळ पांगला होता, म्हणून कार्डिनल्सच्याच एका खेळाडूने खटपट करून शिकागोतील चार शाळकरी मुले त्या संघात घुसवली. निकाल काय लागला असेल, ते सांगायला नकोच. दुसरा सामना हॅमंडशी होता, तो १३-० ने जिंकला. आता कार्डिनल्सचे ११ विजय आणि २ पराभव झाले, आणि लीगच्या नोंदवहीत १९२५ चे विजेते म्हणून आजही त्यांचेच नाव आहे.

येथे एक गोष्ट कार्डिनल्सच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. हे जादा सामने विजेतेपदासाठी नव्हेत, तर शिकागो बेअर्सशी आणखी एक सामना मिळावा म्हणून खेळले गेले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. नोव्हेंबरमध्ये रेड ग्रेंज हा विद्यापीठातला लाडका खेळाडू बेअर्सकडे आला होता, आणि त्याच्या पहिल्याच सामन्याला, जो कार्डिनल्सशीच झाला, सुमारे छत्तीस हजार प्रेक्षक लोटले होते. संघमालक क्रिस ओब्रायन यांना त्या गर्दीची पुन्हा एकदा आस लागली असेल, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. शिवाय विजेतेपद देऊ केले तेव्हा ओब्रायन यांनी ते स्वीकारायला नकार दिला, हे पॉट्सव्हिलच्या कैवाऱ्यांनीही विसरू नये.

प्रश्न : अध्यक्षांना असा अधिकार होता का? आणि पॉट्सव्हिलकडे परवानगी होती असे म्हणतात, त्यात तथ्य किती? — एक वकील, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : अधिकार होता. हद्दीचा नियमही होता आणि लीगसाठी तो आवश्यकच होता. एका शहरात एकाच दिवशी दोन संघांनी प्रेक्षक वाटून घेतले तर दोघेही बुडणार, आणि एका संघाला ज्या शहराचा भरवसा दिला तो भरवसा लीगने राखला नाही, तर पुढे कोणीही पैसा गुंतवणार नाही. १९२१ पासून अध्यक्षपदी असलेले कार हे ही विस्कळीत संघटना शिस्तीत आणण्यासाठी धडपडत होते. त्यांच्याविषयी आकस बाळगण्याचे कारण दिसत नाही.

परवानगीविषयी डॉ. स्ट्रिगल यांचे म्हणणे असे होते की, कार आजारी असताना त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या गृहस्थांनी दूरध्वनीवरून होकार दिला होता. पॉट्सव्हिलकडून असेही सांगितले जाते की, नोव्हेंबरअखेरचा फ्रँकफर्ड-पॉट्सव्हिल सामना जो जिंकेल त्यानेच नोट्रडेमशी खेळावे असे आधी ठरले होते, आणि स्वतः ४९-० ने हरल्यावर फ्रँकफर्डला आपली हद्द आठवली. दोन्ही दाव्यांना लेखी आधार नाही. लेखी ताकीद हाती असताना तोंडी होकारावर विसंबणे आपण आपल्या अशिलाला कधी सुचवणार नाही. नियमभंग झाला, आणि तो जाणूनबुजून झाला, असे माझे मत आहे.

माझा आक्षेप शिक्षेच्या मापाविषयी आहे. शाळकरी मुलांच्या प्रकरणात कार यांनी कार्डिनल्सना दंड केला, मुले पुरवणाऱ्या खेळाडूवर आजन्म बंदी घातली (ती नंतर उठवली), मिलवॉकीच्या मालकाला संघ विकायला लावला. पण तो सामना कार्डिनल्सच्या खात्यातून वजा केला नाही. आता हिशेब पाहा. ११ विजय आणि २ पराभव यांचे प्रमाण ०.८४६ येते आणि पॉट्सव्हिलच्या १० विजय व २ पराभवांचे ०.८३३. मिलवॉकीचा सामना काढला की कार्डिनल्सचेही १० विजय आणि २ पराभव उरतात, म्हणजे तंतोतंत बरोबरी, आणि समोरासमोरच्या सामन्यात जिंकले होते पॉट्सव्हिल. उलट बाजूने पाहिले, तर प्रॉव्हिडन्सचा सामना खेळू दिला असता आणि पॉट्सव्हिलने तो जिंकला असता, तरीही बरोबरीच झाली असती. ज्या सामन्याला अध्यक्षांनी स्वतः दंडपात्र ठरवले त्याचा विजय मोजला गेला, आणि ज्या प्रदर्शनी सामन्याचा लीगच्या तक्त्याशी संबंध नव्हता त्यापायी दुसऱ्या संघाचा हंगाम कापला गेला. दंड आणि निलंबन समजण्यासारखे आहे. विजेतेपद मात्र मैदानावर मिळवलेल्या गुणांवरच ठरायला हवे होते.

प्रश्न : पुढे या संघाचे काय झाले? निर्णयाचा फेरविचार झाला का? — एक ग्रंथपाल, संकेश्वर

उत्तर : हकालपट्टी फार काळ टिकली नाही. १९२६ मध्ये रेड ग्रेंज आणि त्याचे व्यवस्थापक यांनी प्रतिस्पर्धी लीग काढली. पॉट्सव्हिल तिकडे जाईल, या भीतीने नॅशनल फुटबॉल लीगने त्यांना परत घेतले. तत्त्वापेक्षा तिकीटखिडकी किती बलवान असते, हे यावरून दिसावे. त्या वर्षी संघाने १० सामने जिंकून तिसरा क्रमांक मिळवला, पण नंतर उतरती कळा लागली. १९२८ मध्ये तर केवळ २ विजय आणि ८ पराभव अशी अवस्था झाली, तीही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले तीन खेळाडू संघात असताना. १९२९ मध्ये संघ बोस्टनला नेण्यात आला, बोस्टन बुलडॉग्ज या नावाने एक हंगाम खेळला आणि बंद पडला. त्या दशकात लहान गावांचे बहुतेक संघ असेच संपले. आज त्यांपैकी ग्रीन बे हा एकच उरला आहे.

फेरविचाराची मागणी मात्र संघाच्या मृत्यूनंतरही चालू राहिली. गावकऱ्यांनी अँथ्रासाइट कोळशातून कोरलेला विजयचषक कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवला आहे. १९६३ मध्ये लीगने प्रकरण पुन्हा तपासले आणि जुना निर्णय कायम ठेवला. २००३ मध्ये पॉट्सव्हिलच्या महापौरांनी आणि पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा प्रकरण उघडू नये असे ३० संघमालकांनी मत दिले. ते उघडावे या बाजूने पडलेली दोन मते त्याच राज्यातील फिलाडेल्फिया ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स यांची होती. कार्डिनल्स संघ पुढे दुसऱ्या घराण्याच्या मालकीचा झाला, शिकागोहून १९६० मध्ये सेंट लुईसला आणि १९८८ मध्ये ॲरिझोनाला गेला. नवे मालक ओब्रायन यांच्याप्रमाणे विजेतेपद नाकारत नाहीत. १९४७ चे एक सोडले तर त्या संघाच्या खात्यावर तेवढे एकच विजेतेपद आहे.